आधी पाणी, मग पोरगा

नागपूरचे लोक मला पाहायला यायच्या आधी माझी माय नागपूरला जाऊन त्यांचा नळ पाहून आली होती. मुलगा तिनं पाहिला नाही. तो गिरणीत कामावर गेला होता आणि तो येईपर्यंत थांबायची तिला गरज वाटली नाही. दारव्ह्याला परत आली तेव्हा बाबा छपरीत विडी ओढत बसले होते. त्यांनी विचारलं, "कसा हाये पोरगा?" मायनं पदर सारखा केला आणि मोठ्या समाधानानं सांगितलं, "धार लय जाड हाये."

बाबांनी विडी विझवली. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते की असल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

लोक मुलगी देताना शेत विचारतात, पगार विचारतात, सासू खाष्ट आहे का ते आडून काढून घेतात. माय फक्त पाणी विचारायची. किती लांब, किती वेळ, कोण भरतं, काय पडतं. तिचा नियम होता, "आधी पानी, मंग पोरगा." आणि पाणी पाहायचं तेही होळी ते मृग या दिवसांतच. पावसाळ्यात कुठलंही गाव चांगलंच दिसतं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरी स्थळांचा हंगाम उन्हाळ्यात असायचा आणि पहिला पाऊस पडला की माझं लग्न आपोआप पुढच्या वर्षावर जायचं.

तिला हे वेड लागलं ते उगीच नाही. आमची वस्ती दारव्ह्याच्या कडेला. गावातल्या मोठ्या विहिरीवर आमच्या बायांनी लांब उभं राहायचं आणि कोणाला सवड होईल तेव्हा वरून ओतलेलं पाणी गुंडात, म्हणजे घागरीत, झेलायचं, हा रिवाज मायनं अर्धं आयुष्य पाळला. त्याबद्दल ती कधी गंमतीनं बोलली नाही, म्हणून मीही बोलणार नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या माणसांनी ठरवलं की आता कोणाची वाट पाहायची नाही. अंगमेहनतीनं त्यांनी आपली विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं, चाखलं, तर खारट! साबणाला फेस येईना, डाळ शिजेना. पुरुषमंडळी म्हणाली, आपलं आहे, गोड मानून घ्या. माय म्हणाली, "म्या मानून घेतलं. डाळीले कोन समजावनार?"

तेव्हा सांडायला-सारवायला आपली विहीर आणि प्यायला-शिजवायला नाल्यातला झिरा. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू पाझरतं, ते वाटीनं भरून घ्यायचं. आमच्या उंबऱ्यापासून तो सातशे चाळीस पावलं. हा आकडा मायनं स्वतः मोजलेला. ती ओच्यात चिंचोके घेऊन निघायची, शंभर पावलं झाली की एक चिंचोका ओच्यातून काढून डाव्या मुठीत. तिला वीसच्या पुढे अंक येत नव्हते, पण वीस पाचदा मोजले की शंभर होतात हे तिला पक्कं माहीत होतं आणि तेवढ्यावर तिनं अख्खा मुलूख मोजला.

मुलूख खरंच मोजला. वस्तीतली माणसं तेव्हा पोटामागे चारी दिशांना पांगली होती. कोणी नागपूरच्या गिरणीत, कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी अकोल्यात, एक चुलतकाका तर थेट मुंबईत. माय सांगायची आणि मी सगळ्यांना कार्डं लिहायची. मी सातवी पास झाले होते, म्हणून हे काम माझ्याकडे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि लगेच: नळ घरात की दारात की कोपऱ्यावर? पाणी किती वेळ? बाया किती? पैसे भाड्यात की वेगळे? भांडण होते का? आणि सगळ्यात शेवटी, दरवेळी, एकच प्रश्न: नळावर कोणी काही विचारते का?

उत्तरं यायची ती वाचण्यासारखी असायची. मुंबईच्या काकानं लिहिलं की पाणी फुकट आहे, पण अंधारात उठून नंबर लावावा लागतो आणि दर पाच घागरींमागे एक भांडण होतं. भुसावळच्या आत्यानं लिहिलं, नळ घरातच आहे, पितळेचा आहे, आम्ही तो रोज चिंचेनं घासतो, पाणी मात्र अजून आलेलं नाही. अकोल्याच्या भावजीनं लिहिलं की पाणक्या महिन्याचे तीन रुपये घेतो, पण बाजाराच्या दिवशी तो पिऊन पडतो आणि तेव्हा त्यालाच पाणी पाजावं लागतं. 'कोणी काही विचारते का' याचं उत्तर बहुतेक शहरांतून 'नाही' असं यायचं. ते वाचून दाखवलं की माय मला कार्ड परत एकदा वाचायला लावायची.

आता ही सगळी उत्तरं एका मापात कशी आणायची? एक शहर रुपये सांगतं, दुसरं तास, तिसरं भांडणं. मायनं त्यावर तोड काढली. जिनिंगच्या कारखान्यात दिवसभर कापूस उपसला की काय मजुरी मिळते हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्या वेळात झिऱ्यावर किती खेपा होतात हेही ठाऊक होतं. म्हणून ती रुपयांची पावलं करायची. झोपमोडीचीही पावलं करायची. भांडणाची सरसकट पन्नास. त्यानुसार अकोला तीनशे पावलांवर होतं, मुंबई साडेचारशेवर, आणि भुसावळ, नळ घरात असूनही, कुठेच नव्हतं. त्याच सुमारास नवे पैसे आले आणि आण्याचे सहा पैसे की सव्वासहा यावरून दुकानादुकानांत वाद सुरू झाले. बाबा म्हणाले, "आता तुह्या हिशोबाचं कसं वं?" माय म्हणाली, "आना बदलला. पाऊल तं कोनं नाही बदलवलं?"

हळूहळू वस्तीत कोणाची मुलगी द्यायची झाली की बाया आधी आमच्या छपरीत येऊन विचारायच्या, "बाई, यवतमाळ किती पावलं?" माय डोळे मिटून सांगायची. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा भूगोलाच्या तासाला एका पोरानं विचारलं, बाई, मुंबई लांब की अकोला? माझ्या तोंडून निघून गेलं, "मुंबई दीडशे पावलं जास्त." पोरं अजून भेटली की हसतात.

नागपूरच्या आधी माझ्यासाठी एक अमरावतीचं स्थळ आलं होतं. मुलगा एका वखारीत कारकून. नळ कोपऱ्यावर. मायनं त्यांच्याकडचा चहा बाजूला ठेवला, त्यांचाच गुंड उचलला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पाहुणी बाई आमच्या नळावर कशाला, म्हणून एकीनं तिचा गुंड रांगेबाहेर ठेवला. पुढचा पाऊण तास काय झालं ते मला नीट कळलं नाही, पण माय घरी परत आली ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. "रांग चांगली हाये," ती म्हणाली. "बाया तयारीच्या हायेत. पर तू मऊ हायेस वं, तुले दोन दिवसात वाळत टाकतीन." स्थळ मोडलं. कारकून मुलगा कसा होता, हे आम्हाला कधीच समजलं नाही.

आणि मग नागपूर. गिरणीची पक्की नोकरी, चाळीतली खोली, मोरीतच नळ, दोन्ही वेळा दीड-दीड तास पाणी, पैसे भाड्यातच. मायच्या मापानं शून्य पावलं. तिनं तो नळ स्वतः सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. त्यांच्या घरची म्हातारी जेवायला बोलवत होती तरी ती मोरीच्या कठड्यावरून उठली नाही. वैशाखी पौर्णिमेला बोलणी पक्की करायची, असा शब्द देऊन ती आली.

तिची चूक नव्हती. चूक माझी होती, कारण मला त्याच सुमारास एक मास्तर आवडला होता.

मी यवतमाळला मामाकडे राहून मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होते. मास्तरही तिथंच शिकायला होता, आमच्यातलाच, आणि मामाचा दोस्त. आमचं बोलणं झालं ते मोजून पाच-सहा वेळा, तेही मामीच्या देखत आणि बहुतेक वेळा शुद्धलेखनाबद्दल. पण तो माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायचा. मी असा पुरुष आधी पाहिला नव्हता. मग त्याला नोकरी लागली ती फुलसावंगीला. गाव मोठं, शेतीचं, माणसं भली, आणि पाण्याच्या नावानं बोंब. मामानं मायच्या कानावर स्थळ घातलं तेव्हा तिनं विचारलं, "नळ?" मामा म्हणाला, "नाही." "विहीर?" "हाये, पर उन्हाळ्यात तळ दिसते." "मंग कायले सांगून राह्यला मले?" असं म्हणून तिनं विषय मिटवला.

नागपूरला हो म्हटलं की संपलं, हे मला कळत होतं. रडून उपयोग नव्हता, माय रडण्याला भीक घालणारी नव्हती. पण ती न्यायाची पक्की होती. मी सुट्टीत घरी आले होते. दोन दिवस विचार केला आणि चुलीपाशी तिला म्हटलं, "माय, आलेल्या प्रत्येक स्थळाचं पाणी पाह्यचं, असा तुहा नियम हाये ना?"

"हाये."

"मंग फुलसावंगीचं पाह्यलं?"

ती भाकरी थापता थापता थांबली. माझ्याकडे तिनं असं पाहिलं की मी तव्याकडे पाहायला लागले. "येत्या इतवारी पाह्यतो," ती म्हणाली. "पाहून नाही म्हनतो. म्हंजे तुह्या जिवाले शांती."

त्याच दुपारी मी मास्तरला एक कार्ड लिहिलं, सगळ्या कार्डांत पहिलं असं जे मायनं सांगितलेलं नव्हतं. मजकूर एवढाच: 'रविवारी सकाळी माय पाणी पाहायला येत आहे. मुलगा पाहायला नाही, पाणी. काय करायचं ते तुम्ही पाहा.' खाली नाव घातलं नाही. अक्षर एवढं वाईट आलं की ट्रेनिंगमध्ये मला नापास केलं असतं. पेटीत टाकलं आणि घरी येताना वाटलं की सगळ्या वस्तीनं मला पाहिलं.

पुढचं मी मामाकडून ऐकलं. तो मायसोबत गेला होता. दिग्रस, पुसद करत, पुसदला ओळखीच्यांकडे मुक्काम करून, रविवारी सकाळी ते फुलसावंगीला उतरले. मास्तरची खोली विचारत विचारत दारापर्यंत गेले. दार नुसतं लोटलेलं. माय आत गेलीच नाही. उंबऱ्याला पाठ लावली, ओच्यातले चिंचोके चाचपले, नाल्यातल्या झिऱ्याची वाट विचारली आणि मोजत निघाली. मामा मागून. सहा चिंचोके झाले तरी नाला दिसेना.

सातव्या चिंचोक्याच्या आसपास समोरून एक जण कावड घेऊन येताना दिसला. दोन्ही टोकांना रॉकेलचे डबे, डोक्याला फडकं, अंग उघडं, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. तो एकीकडे जात होता, कावड दुसरीकडे, आणि पाणी तिसरीकडे. मामानं लांबूनच ओळखलं, मास्तर! तो हाक मारणार होता, पण मामाला थट्टेची खोड लहानपणापासूनची. तो गप्प राहिला आणि मायच्या पाठीमागून त्यानं तोंडावर बोट ठेवलं. इकडे मायनं रस्ता अडवला.

"काय रे बापू, पानी वाह्यतं का?"

मास्तरनं एकदा मामाकडे पाहिलं. "हो मावशी."

"कावडीचे काय घेतं?"

"द्याल ते."

"द्याल ते म्हननारा मांगून भांडते. भाव सांग."

"दोन आने," मास्तर म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"दोन आने?" मायचा आवाज चढला. "मांगं पाह्य जरा. अर्धं पानी तं वाटंनं सांडलं तुह्यानं. गाव भरून राह्यला का रस्ता भरून राह्यला? नवा हायेस का धंद्यात?"

"नवाच हाये, मावशी."

"दिसतेच. एक आना. अन् महिना भरला की चार कावडी फुकट." मास्तर काही बोलायच्या आत तिनं कावड खाली ठेवायला लावली. बाजूच्या पळसाची चार पानं तोडली आणि डब्यांतल्या पाण्यावर सोडली. "असं पान टाकाव. पानी उसळत नाही. कोनं शिकवलं नाही का तुले?" मग कावड पुन्हा खांद्यावर चढवायला स्वतः हात लावला, कुठं धरायची ते दाखवलं. "आयकून घे. त्या मास्तरच्या घरी माही पोरगी येनार हाये. म्हंजे नक्की नाही. पर आलीच तं रोज दोन कावडी. खाडा चालनार नाही. चिखलाची सबब चालनार नाही. बाजाराच्या दिवशी पिऊन पडलेला चालनार नाही."

"नाही पडनार."

"किती दिवस करशील हा धंदा? पोट्टे आज हायेत, उद्या नाही."

"आता धरलाच हाये," मास्तर म्हणाला, "तं करीन जल्मभर."

मामा सांगतो की तिथं त्याला खोकल्याचं सोंग करून बाभळीमागे जावं लागलं. माय मात्र पुढे निघाली. झिऱ्यापर्यंत गेली, वाटीनं पाणी काढून चाखलं, परत वळली. मुठीत अकरा चिंचोके. अकराशे पावलं! आजवर मोजलेल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त. वाटेत ती मामाला म्हणाली, "पानी गोड हाये. बाकी काही नाही. चाल, मास्तरले रामराम करून निघू, नाही तं दार पाहूनच गेले म्हनन."

दोघं खोलीवर आले. बाज टाकलेली होती. माय बसली. आतून मास्तर आला, अंगात पांढरा सदरा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, हातात पितळी लोटा. लोट्यात पळसाचं एक पान राहून गेलं होतं.

मामा म्हणतो, बाई त्या लोट्याकडे पाहत राहिली, मग मास्तरच्या तोंडाकडे, मग पुन्हा लोट्याकडे. मामानं मनात हिशोब केला की आता ती लोटा फेकून मारील, मग मला मारील. मायनं लोटा घेतला. पान बाजूला केलं. सगळं पाणी पिऊन टाकलं, एका दमात. तोंड पुसलं आणि म्हणाली, "एक आन्याचा भाव ठरला हाये. आता मांगं सरता येनार नाही."

घरी ती आली तेव्हा तिन्हीसांज व्हायची होती. मी दारातच उभी. तिनं ओच्यातून चिंचोके काढले आणि माझ्यासमोर एकेक करून ठेवले. मी मोजत गेले. सात झाले, आठ झाले. अकराव्याला माझा जीव गेला. नागपूरची मोरी मला डोळ्यांपुढे दिसायला लागली, आणि तिच्या कठड्यावर जन्मभर बसलेली मी.

"अकराशे," बाबा म्हणाले. "म्हंजे नाहीच."

"हो म्हना," माय म्हणाली.

"अकराशे पावलं हायेत वं!"

"ते त्याचे. हिचे शून्य." आणि ती हातपाय धुवायला मागे निघून गेली.

तिनं आयुष्यभर केलेल्या हिशोबात पाणी कोण भरतं हा प्रश्न होता, पण त्याचं उत्तर एकतर बाई नाहीतर पाणक्या. नवरा, असं उत्तर कुठल्याही शहरातून कार्डावर आलं नव्हतं. नागपूरला मामानं निरोप नेला. तिथल्या म्हातारीनं विचारलं म्हणे, आमच्यापेक्षा जाड धार कुठं मिळाली?

लग्न झालं. मी फुलसावंगीला आले आणि मला एका गोष्टीमुळे सुखानं घास गिळवेना, ती म्हणजे ते कार्ड. मायनं मास्तरला हो म्हटलं ते तो रोज पाणी वाहणारा माणूस आहे असं समजून. आणि मास्तरनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला सांगून टाकलं की त्या आठवड्याच्या आधी त्यानं कावडीला हातसुद्धा लावला नव्हता. माझं कार्ड आलं, त्यानं शेजाऱ्याकडून कावड मागून आणली आणि तीन दिवस लोकांची नजर चुकवून झिऱ्यावर सराव केला. शाळेतल्या पोरांनी तरीही पाहिलंच. फळ्यावर कोणीतरी कावडवाल्याचं चित्र काढलं होतं. म्हणजे मी माझ्या आईला फसवलं होतं, तिच्या एकुलत्या एका विद्येत, आणि तिनंच शिकवलेल्या कार्डानं. त्याची मला लाज वाटायची. नंतर मास्तरनं कावड सोडली नाही, हे खरं. गाव चार दिवस हसलं, मग त्याला सवय झाली. तापात दोन दिवस आणि शाळा तपासायला साहेब आले तेव्हा एक दिवस, एवढे खाडे झाले. त्या तिन्ही दिवशी मी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात माय आली. भेटायला नाही, तपासायला. आल्या आल्या रांजणाचं झाकण काढून पाहिलं. खाडे किती ते विचारलं. मी तीन म्हटलं, तर शेजारणीला जाऊन पुन्हा विचारून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाण्याची दुसरी खेप टाकून, उघड्या अंगानं, दाराशी घाम पुसत उभा होता. माय तांदूळ निवडत होती. तो आत गेल्यावर ती म्हणाली, "पडला आता घट्टा."

"काय?"

"खांद्यावर. कावड वाह्यनाऱ्याच्या खांद्यावर घट्टा रायते वं. म्या आलतो तव्हा नव्हता. तव्हा कातडं निघालं व्हतं. लाल, वलं. दोन-तीन दिवसांचं." ती तांदळातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "कागद तूच धाडला व्हता ना?"

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी मान हलवली. मग मी विचारलं, "तुले रस्त्यातच कळलं व्हतं?"

"रस्त्यात नाही. तव्हा पानक्याच वाटला, खोटं कायले बोलू. मंग सदरा घालून आला, तं खांद्यावर सदरा चिकटला व्हता. पाह्यलं अन् समजलं."

"मंग, माय, तू हो काहून म्हटलं?"

तिनं सूप हलकं हलवलं, तांदूळ एकीकडे केले. तिच्या मानेची मागची बाजू मला दिसत होती. गुंडांनी ती कायमची पुढे झुकली होती, आणि डोक्याच्या मधोमध, चुंबळ बसते तिथं, केस कधीचे गेले होते. मला हे सगळं आधीही दिसायचं. मी ते पाहिलं नव्हतं.

"पोट्ट्याले येत नव्हतं," ती म्हणाली. "तरी खांदा सोलून घेतला तुह्यासाठी. म्या सातशे चाळीस पावलं तुह्या बापाच्या घरी इतके वर्सं चालली. माह्यासाठी कोनं एक दिवस नाटकसुद्धा नाही केलं."